आधी न्हाणीघर, मग दिवाणखाना

टोकियोच्या शिंजुकू प्रभागात नाकाई नावाचा एक शांत भाग आहे. तिथे टेकडीच्या उताराला लागून फुमिको हायाशी या कादंबरीकर्तीचे घर उभे आहे आणि त्या घरालाच आता ‘फुमिको हायाशी स्मारक भवन’ म्हणतात. दप्तरी नोंद पाहिली तर संस्थेचा जन्म मार्च १९९२ चा. त्या महिन्यात घराचे फाटक लोकांसाठी उघडले. स्मरणिकेतल्या इतिहासाचा आपला एक ठरलेला साचा असतो: संस्थापक, पहिले कार्यकारी मंडळ, जागेचा प्रश्न, इमारत निधी आणि मग आजी-माजी अध्यक्षांचे फोटो. इथे तो साचा लावायचा तर पहिले कार्यकारी मंडळ म्हणजे एक बाई, तिचा चित्रकार नवरा आणि तिची म्हातारी आई. इमारत निधी म्हणजे बाईंच्या पुस्तकांचे मानधन. जागेचा प्रश्न सुटला तो १९३९ मध्ये. प्रभागाने ताबा घेतला तोवर हे घर पन्नाशीला येऊन ठेपले होते. म्हणून हा इतिहास १९९२ पासून सांगण्यात अर्थ नाही; तो बाईंच्या बिऱ्हाडांपासून सांगायला हवा.

फुमिको हायाशींचा जन्म १९०३ चा. कुठल्या गावचा, यावर एकमत नाही. शिमोनोसेकी आणि मोजी ही सामुद्रधुनीच्या अल्याड-पल्याड वसलेली दोन बंदरे, आणि बाईंच्या जन्माचा मान दोन्हींकडे सांगितला जातो. वडिलांनी आपले नाव लावले नाही, म्हणून मुलीची नोंद आईच्या माहेरी, कागोशिमाकडच्या घराण्यात झाली. आई किकू हिने पुढे आपल्याहून वीसेक वर्षांनी लहान असलेल्या माणसाबरोबर संसार मांडला. दोघेही फेरीवाले. क्युशू बेटावरची कोळशाच्या खाणींची गावे, बंदरे, बाजार असा माल विकत हा संसार फिरे आणि पोर बरोबर. मुक्काम मिळेल त्या स्वस्त खानावळवजा लॉजिंगमध्ये. शाळा वरचेवर बदलायची. १९१६ मध्ये ओनोमिची या बंदरगावी हे कुटुंब जरा टेकले. तिथल्या मुलींच्या हायस्कुलात बाई शिकल्या, तेही रात्री शिडाचे कापड बनवणाऱ्या कारखान्यात काम करून. १९२२ मध्ये शाळा संपवून त्या टोकियोला आल्या.

ज्याच्या भरवशावर आल्या, त्याने लग्नाला नकार दिला. दुसऱ्याच वर्षी भूकंपात टोकियो जळाले. त्या काळात बाईंनी पोटासाठी काय केले नाही? सार्वजनिक स्नानगृहात गिऱ्हाइकांची पायताणे सांभाळली, सेल्युलॉइडच्या खेळण्यांच्या कारखान्यात काम केले, कॅफेत वेट्रेस झाल्या. खोल्या सोडल्या, माणसे सोडली, काही माणसांनी त्यांना सोडले. एवढे सगळे चालू असताना त्या रोज काहीतरी लिहीत राहिल्या. १९२६ मध्ये र्‍योकुबिन तेझुका या शांत स्वभावाच्या चित्रकाराशी गाठ पडली आणि ती गाठ टिकली. १९२८ पासून ‘न्योनिन गेइजुत्सु’ या स्त्रियांच्या मासिकात बाईंच्या त्या रोजनिशीतले उतारे ‘होरोकी’ नावाने येऊ लागले. १९३० मध्ये त्याचे पुस्तक निघाले आणि हातोहात खपले. भाडे थकलेली बाई एका वर्षात नाव घेण्याजोगी लेखिका झाली.

पैसा आल्यावर पहिल्यांदा काय करावेसे वाटले, हे पाहण्यासारखे आहे. घर नाही घेतले. त्या चीनला जाऊन आल्या. १९३१ च्या अखेरीस सैबेरियातून जाणाऱ्या रेल्वेने, तिसऱ्या वर्गाने, थेट पॅरिसला गेल्या. १९३२ च्या उन्हाळ्यात परतल्या. लहानपणीची पायाला लागलेली भिंगरी एवढ्यात थांबणार नव्हती.

तरी १९३० पासून त्यांचा पत्ता एकाच परिसरात राहिला: ओचिआई. मिदोरी ओझाकी या लेखिकेच्या सांगण्यावरून त्या इकडे राहायला आल्या. नाकाई हे रेल्वेस्थानक १९२७ चे, म्हणजे तेव्हा अगदी नवे. गाव आणि शहर यांच्या सीमेवरचा हा भाग होता आणि भाडी परवडणारी होती. साहजिकच चित्रकार, कवी, डाव्या विचारांचे लेखक इथे गोळा झाले. खालून म्योशोजी नदी वाहते. तिच्या काठी कापड रंगवणाऱ्यांचे कारखाने आले. काही आजही आहेत, आणि थंडीच्या दिवसांत नदीवर रंगीत कापडे टांगून तिथला जुना धंदा मिरवला जातो. नदीकडून टेकडीवर जायला आठ चढणी आहेत आणि लोकांनी त्यांना नावेही पहिली, दुसरी, तिसरी अशीच ठेवली आहेत. बाईंनी या भागाच्या टेकड्या-नद्यांवर एक लेखच लिहिला. पाचव्या चढणीच्या पायथ्याशी एका विलायती धाटणीच्या घरात त्या कित्येक वर्षे भाड्याने राहिल्या. मग चौथ्या चढणीच्या पायथ्याशी जागा घेतली. ३०० त्सुबो, म्हणजे आपल्या हिशेबात जवळजवळ दहा गुंठे.

इथून या संस्थेचा खरा इतिहास सुरू होतो. माझ्या मते तिच्या सगळ्या इतिहासातला हाच भाग सर्वांत रंजक आहे.

भाड्याच्या खोल्यांत आणि लॉजिंगमध्ये हयात गेलेल्या माणसाला घर बांधायचे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. बाईंनी आधी पुस्तके आणली. घरबांधणीवरची जवळजवळ दोनशे पुस्तके त्यांनी वाचून काढली. लाकूड कुठले, कौले कशी, सुताराचे काम कसे ओळखावे, पाणी कुठून जावे याचा अभ्यास केला. नंतर वास्तुरचनाकाराला आणि सुताराला घेऊन त्या क्योटोला गेल्या आणि तिथली घरे त्यांना दाखवली. आपल्याकडे घर बांधणारा मालक कंत्राटदाराच्या मागे लागतो. इथे मालकीणबाईच पुढे आणि बाकीचे मागे, असा प्रकार होता.

त्यांनी निवडलेला वास्तुरचनाकारही ऐकण्यासारखा आहे. बुन्झो यामागुची, जन्म १९०२ चा. तिशीच्या आत जर्मनीला जाऊन वॉल्टर ग्रोपिअस यांच्या कचेरीत काम करून आलेला, आधुनिक वास्तुकलेचा कट्टर पुरस्कर्ता. कुरोबे नदीवरचे दुसरे वीजकेंद्र या माणसाच्या नावावर आहे. काँक्रीट आणि पोलादाचे काम. अशा माणसाकडून बाईंनी लाकूड, माती, कागद आणि कौले यांचे जपानी घर बांधून घेतले. पाहणाऱ्याला ते क्योटोच्या चहाघरांच्या वळणाचे वाटते, पण त्यात शेतकऱ्याच्या घराचा साधेपणाही आहे. आणि नीट पाहिले की वाऱ्याचा, उजेडाचा, चालण्याच्या वाटांचा जो चोख हिशेब दिसतो, तो यामागुचींच्या आधुनिक शिस्तीतून आलेला. दोघांपैकी एकाचाही हट्ट कमी असता तर घर इतके जमले नसते.

बाईंची मागणी मोजक्या शब्दांत सांगता येते. चारही दिशांनी वारा खेळला पाहिजे. पैसा खर्च करायचा तो बसायच्या-जेवायच्या खोलीवर, न्हाणीघरावर, शौचालयावर आणि स्वयंपाकघरावर. दिवाणखान्यावर नाही. ही त्यांची अट घरासंबंधीच्या त्यांच्याच लेखनात आहे आणि आजचे घर पाहताना ती पदोपदी जाणवते.

बांधकाम सुरू झाले तेव्हा देश चीनशी युद्धात उतरून तीन वर्षे झाली होती. सामान मिळेना, आणि १९३९ पासून लाकडी घरांवर सरकारी निर्बंध आले होते: एका घराला साधारण १०० चौरस मीटरच्या वर बांधकाम करता येत नसे. बाईंचा आराखडा त्यात बसणे शक्य नव्हते. तेव्हा दोन घरे बांधली गेली. राहते घर बाईंच्या नावावर आणि शेजारचे, चित्रशाळेचे घर र्‍योकुबिन यांच्या नावावर. दोन घरे शेजारी-शेजारी उभी राहिली आणि मागाहून ती आतून जोडून टाकली. कायदाही मोडला नाही आणि आराखडाही सोडला नाही. सरकारी नियमाला अशी बगल देण्याची कला काही एकट्या आपल्या देशाची मक्तेदारी नाही, हे वाचून मला तरी बरे वाटले. ऑगस्ट १९४१ मध्ये घर पूर्ण झाले. चार महिन्यांनी पर्ल हार्बर.

आता घर पाहू. फाटकातून आत गेले की वाट थेट दाराला भिडत नाही. झाडांमधून वळत, पायऱ्या चढत वर येते. बाईंच्या वेळी इथे बांबू दाट होता; आज बांबू कमी आणि इतर झाडे जास्त आहेत, त्यांत मेपल आहेत, लवकर फुलणारी चेरी आहे, डाळिंब आहे. राहत्या घराच्या दर्शनी भागात दिवाणखाना आहे, पण उत्तरेकडे तोंड करून. तिथे ऊन नाही. हस्तलिखितासाठी ताटकळणारे संपादकांचे दूत या खोलीत बसत. तीन-चार मासिकांची माणसे एका वेळी तिथे बसलेली आणि बाई आत लिहीत आहेत, हे त्या काळचे नेहमीचे चित्र. पाहुण्यांच्या वाट्याला थंड खोली आणि घरच्या माणसांच्या वाट्याला ऊन! घराचा निम्मा स्वभाव इथेच कळतो.

ऊन आहे ते बसायच्या-जेवायच्या खोलीत. आपल्या जुन्या घरांत माजघराला जे स्थान, तेच हिला. दक्षिणेकडे रुंद पडवी, पुढे बाग. खोली काही मोठी नाही, पण भिंतीत कपाटे आणि खण असे बेमालूम बसवले आहेत की पसारा नावाला दिसत नाही. घरचे सगळे इथेच जमत. शेजारी एक छोटी खोली आहे. ती आई किकूसाठी. फेरीवाल्या बाईला म्हातारपणी मिळालेली स्वतःची खोली, बागेकडे तोंड असलेली. बाईंनी या घरात केलेल्या सगळ्या खर्चात हा खर्च मला सर्वांत वाजवी वाटतो.

स्वयंपाकघरापाशी मात्र रेंगाळायला हवे. बाईंना रांधायची हौस होती; पाहुणे आले की स्वतः उठून काहीतरी करून घालत. उंची बेताची, म्हणून ओटा आणि मोरी त्यांच्या हाताला येतील अशा उंचीची केली आहेत. मोरी सिमेंटात दगडाचा चुरा कालवून, घासून गुळगुळीत केलेली. आपल्याकडच्या जुन्या मोझॅक फरशीच्याच जातीचे काम. खिडकी ओट्याच्या समोर, म्हणजे काम करणाऱ्या बाईच्या हातावर उजेड पडतो. पुरुषाने आखलेल्या किती स्वयंपाकघरांत तो पाठीवर पडतो, ते वाचकांनी आपापल्या घरी जाऊन पाहावे. जवळच न्हाणीघर, लाकडी टबाचे. पैसा जिथे खर्च करायचा म्हणून ठरवले होते तिथेच तो झालेला आहे. कामवाल्या मुलींची खोली लहान, पण तिच्यात रेल्वेच्या स्लीपर डब्यासारखे वर-खाली बिछाने करून दिले आहेत. एकेकाळी बाई स्वतःही अशाच कुणाच्या तरी घरी कामाला राहिल्या होत्या.

दुसऱ्या घरात र्‍योकुबिन यांची चित्रशाळा, बाईंची अभ्यासिका, निजायची खोली आणि पुस्तकांची खोली. अभ्यासिकेची एक गंमत आहे. दोनशे पुस्तके वाचून, क्योटो पाहून, खास आखून घेतलेली अभ्यासिका बाईंना मानवेना. फार उजेड, फार मोकळी. लिहायला बसले की मन लागेना. शेवटी सामान ठेवायला म्हणून केलेली कोठीची खोली त्यांनी रिकामी केली आणि तिथे बैठे मेज मांडले. पुढची दहा वर्षे त्या तिथेच लिहीत होत्या. वर्षानुवर्षे लॉजिंगच्या खोल्यांत गुडघ्यावर वही ठेवून लिहिलेल्या माणसाला ऐसपैस जागा सोसली नाही, यात नवल कसले?

इथे या इतिहासाला एक अवघड वळण आहे आणि ते टाळून पुढे जाणे बरे नाही. घर बांधले जात होते त्या वर्षांत बाई निव्वळ कथा-कादंबऱ्या लिहीत नव्हत्या. १९३७ च्या अखेरीस वृत्तपत्राच्या प्रतिनिधी म्हणून त्या नानजिंगला गेल्या. १९३८ मध्ये सरकारने लेखकांची जी ‘लेखणी-पलटण’ चीनच्या आघाडीवर पाठवली, तिच्यात त्या होत्या. हानकोऊ पडल्यावर तिथे पोहोचणाऱ्या पहिल्या जपानी बाई म्हणून त्यांचा गाजावाजा झाला. त्यावर पुस्तके निघाली. ऑक्टोबर १९४२ पासून पुढच्या वर्षीच्या मेपर्यंत त्या लष्कराच्या व्यवस्थेने फ्रेंच इंडोचायना, सिंगापूर, जावा, बोर्निओ असे हिंडल्या. उपाशी कामकरी बाईचे जगणे एवढ्या प्रामाणिकपणे लिहिणारी लेखिका सैन्यामागून चालत गेली आणि तिने सैनिकांचे कौतुक लिहिले. चिनी माणसांचे काय होत आहे, इकडे तिची नजर फारशी वळली नाही. त्या काळी बहुतेक लेखक हेच करत होते, हे खरे. पण त्याने दोष पुसला जात नाही. बाईंच्या त्या वर्षांतल्या नावलौकिकात या लेखनाचा वाटा होता आणि घर त्याच वर्षांत उभे राहिले. स्मारकाचा इतिहास लिहिणाऱ्याने ‘युद्धाची धामधूम’ एवढ्या दोन शब्दांवर हे भागवू नये.

१९४३ च्या अखेरीस त्यांनी एक तान्हे मूल दत्तक घेतले, ताई नावाचे. र्‍योकुबिन यांनीही पुढे रीतसर हायाशी हेच आडनाव लावले. १९४४ मध्ये बाँबहल्ल्यांच्या भीतीने बाई मुलाला आणि आईला घेऊन नागानोच्या डोंगराळ भागात गेल्या. १९४५ च्या वसंतात टोकियोच्या या बाजूची वस्तीही मोठ्या प्रमाणावर जळाली. घर वाचले. लाकूड, कागद आणि सुकलेला बांबू, आणि तरीही वाचले. दैव, दुसरे काय!

युद्धानंतरच्या सहा वर्षांत बाईंनी जे लिहिले, ते त्यांच्या उत्तम लेखनात मोडते. ‘उकिगुमो’ ही कादंबरी १९४९ ते १९५१ या काळात आली. युद्धात इंडोचायनातल्या दालात इथे सुखात राहिलेले एक जोडपे पडझड झालेल्या टोकियोत परत येते आणि हळूहळू खचत जाते, अशी ती गोष्ट. दक्षिणेकडचा तो सरकारी दौरा इथे उलटून आला आहे. विजयाच्या बातम्या कुठल्या कुठे गेल्या आणि मागे उरलेली माणसे दिसू लागली. ही कादंबरी कोठीच्या त्या खोलीत लिहिली गेली. कामाचा रेटा भयंकर होता. एकाच वेळी अनेक नियतकालिकांत मालिका चालू, हृदय दुबळे, आणि कुणाला नाही म्हणायची सवय नाही. २७ जून १९५१ रोजी एका महिला मासिकाच्या खाद्यभ्रमंतीच्या सदरासाठी त्या गिन्झाला आणि फुकागावाला जाऊन जेवल्या, घरी परतल्या आणि २८ तारखेच्या पहाटे गेल्या. वय ४७. ‘आसाही’ दैनिकात चालू असलेली ‘मेशी’ ही कादंबरी अर्धी राहिली.

अंत्यविधी याच घरात झाला. व्यवस्थेचे प्रमुख होते कादंबरीकार यासुनारी कावाबाता. बाईंनी आपली जागा राखण्यासाठी बरोबरीच्या लेखिकांना, विशेषतः नव्यांना, पुढे येऊ दिले नाही, असे साहित्यवर्तुळात उघड बोलले जाई. कावाबातांनी ते झाकले नाही. आपले लेखन टिकवण्यासाठी त्यांनी इतरांना कधी कधी वाईट वागणूक दिली असेल, पण मृत्यूने सगळे मिटते, तेव्हा त्यांना क्षमा करावी, अशा आशयाचे ते बोलले. श्रद्धांजलीच्या सभेत असे बोलायला धैर्य लागते. त्याच दिवशी या चढणीवर आजूबाजूच्या साध्या घरांतल्या बायकांनी अंत्यदर्शनासाठी रांग लावली होती. त्यांना साहित्यवर्तुळाशी काही देणेघेणे नव्हते. त्यांनी ‘होरोकी’ वाचले होते.

यानंतरची ३८ वर्षे या संस्थेच्या इतिहासात सहसा एका ओळीत उरकली जातात. ते मला पटत नाही. र्‍योकुबिन १९८९ पर्यंत जगले आणि याच घरात राहिले. दत्तक मुलगा मात्र फार जगला नाही. टोकियोत या काळात काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे: १९६४ चे ऑलिंपिक, जमिनींचे भाव आकाशाला भिडलेले, लाकडी घरे पाडून उभ्या राहिलेल्या इमारती. स्थानकाजवळचे दहा गुंठे म्हणजे केवढी दौलत! या माणसाने ती विकली नाही, पाडली नाही, घराला आधुनिक करण्याच्या नादी लागून खोल्या बिघडवल्या नाहीत. बागेत गुलाब लावले. त्यांच्या गुलाबांची कीर्ती चित्रकारांपर्यंत पोहोचली होती आणि र्‍यूझाबुरो उमेहारांसारख्या नामवंत चित्रकाराने ते रंगवले. चित्रकार म्हणून स्वतः र्‍योकुबिन मागेच राहिले. बायकोच्या हस्तलिखितांपासून ते वापरातल्या वस्तूंपर्यंत मात्र सगळे त्यांनी राखले. संस्थेला संस्थापक म्हणून एकच तसबीर लावायची असेल तर ती यांची लावावी, असे माझे मत आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर घर शिंजुकू प्रभागाकडे आले. डागडुजी झाली आणि मार्च १९९२ मध्ये स्मारक भवन सुरू झाले. प्रभागाच्या अखत्यारीतील सांस्कृतिक न्यास त्याचा कारभार पाहतो. प्रभागाने एक निर्णय शहाणपणाचा घेतला. घरात काचेची कपाटे आणि फलक यांची गर्दी केली नाही. र्‍योकुबिन यांची चित्रशाळा तेवढी प्रदर्शनासाठी घेतली. हस्तलिखिते, छायाचित्रे, वस्तू तिथे पाहता येतात. बाकी खोल्या जशा होत्या तशा. एरवी पाहुण्यांना त्या खोल्यांत पाऊल टाकता येत नाही. बागेतून, पडवीच्या कडेने फिरत, उघड्या सरकत्या दारांतून आत पाहायचे. पहिल्यांदा जाणारा थोडा नाराज होतो, इतक्या लांब येऊन उंबरठ्याबाहेरच उभे राहायचे म्हणून. पण तातामी, कागदी शोजी आणि मातीच्या भिंती यांच्यावरून रोज शंभर माणसे चालली तर दहा वर्षांत घर उरायचे नाही. शिवाय बाहेरून पाहिल्याने एक गोष्ट ध्यानात येते, जी आत गेल्यावर सुटली असती. चारही बाजूंनी दारे उघडली की घराच्या आरपार पलीकडची झाडे दिसतात. वारा खेळावा ही अट कशी पुरी केली, ते तिथे उभे राहिल्यावरच कळते. वर्षातून काही ठरावीक दिवशी छोट्या गटांना आत नेऊन खोल्या दाखवतात. स्वयंसेवक मार्गदर्शक आहेत आणि कारागिरीचे बारकावे ते आवडीने सांगतात.

स्मारकाला प्रेक्षक मिळवून देण्याचे काम मात्र सिनेमा आणि नाटकाने आधीच करून ठेवले होते. मिकिओ नारुसे यांनी बाईंच्या लेखनावर सहा चित्रपट केले. अर्धी राहिलेली ‘मेशी’ त्यांनी बाई गेल्या त्याच वर्षी पडद्यावर आणली. हिदेको ताकामिने यांची भूमिका असलेला १९५५ चा ‘उकिगुमो’ जपानी चित्रपटांच्या पहिल्या पंगतीत बसतो. रंगभूमीवर काझुओ किकुता यांनी ‘होरोकी’चे नाटक केले. १९६१ पासून २००९ पर्यंत मित्सुको मोरी या अभिनेत्रीने फुमिकोची भूमिका केली. प्रयोग झाले २,०१७. भूमिका सुरू केली तेव्हा मोरीबाई चाळिशीत होत्या आणि शेवटचा प्रयोग केला तेव्हा ऐंशी उलटलेल्या. ज्यांनी पुस्तकाचे पानही उघडलेले नाही असे कितीतरी जपानी लोक फुमिको हायाशींना ओळखतात, ते या नाटकामुळे.

इतर गावांनीही आपापला वाटा उचलला आहे. ओनोमिचीला त्यांचा पुतळा आहे. मोजीला एका जुन्या क्लबच्या इमारतीत त्यांच्या नावाचे दालन आहे. शिंजुकू प्रभागाने पुढे अशा आणखी वास्तू उभ्या केल्या किंवा जपल्या. याच ओचिआई परिसरात युझो साएकी आणि त्सुने नाकामुरा या दोन चित्रकारांच्या चित्रशाळा स्मारके म्हणून उघडल्या आहेत. सप्टेंबर २०१७ मध्ये वासेदा भागात कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांचे स्मारक संग्रहालय सुरू झाले. सोसेकींचे नाव केवढे मोठे! पण त्यांचे घर १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळाले. संग्रहालयात त्यांची अभ्यासिका छायाचित्रे आणि आठवणींच्या आधारे नव्याने बांधून दाखवली आहे. काम अतिशय चोख आहे. तरी ते पाहून झाल्यावर नाकाईला यावे, म्हणजे नव्याने बांधलेली खोली आणि वापरून झिजलेली खोली यांतला फरक उमगतो.

माझी संस्थेकडून एकच अपेक्षा आहे. कारागिरी, बाग, स्वयंपाकघर यांविषयी इथे जितक्या मायेने सांगितले जाते, तितक्याच सविस्तरपणे १९३७ ते १९४३ या वर्षांविषयीही सांगितले जावे. कावाबातांना अंत्यविधीच्या दिवशी खरे बोलता आले, तर स्मारकालाही ते जड जाऊ नये.

मराठी वाचकांपैकी कुणी टोकियोला राहत असेल किंवा जाणार असेल, तर अर्धा दिवस काढून जावे. नाकाई स्थानकावरून सातेक मिनिटांची चाल आहे. वेळ सकाळी १० ते दुपारी ४.३०, शेवटचा प्रवेश ४ वाजता. सोमवारी आणि वर्षअखेरीच्या सुटीत बंद. तिकीट मोठ्यांना १५० येन, शाळकरी मुलांना ५० येन. आतल्या खोल्या पाहायच्या असतील तर खास खुल्या दिवसांची चौकशी आधी करून मगच निघावे.